कोठडीतला एकही तास बेहिशेबी राहू देऊ नका: आंदोलनातल्या साथीला अटक झाल्यावर काय करायचं

मोर्चातून, वस्तीतून किंवा मध्यरात्री घरातून कुणाला तरी उचलल्याचा फोन येतो, तेव्हा तो बहुधा वकिलाला येत नाही. तो येतो बहिणीला, खोलीवरच्या मित्राला, संघटनेत महिनाभरापूर्वी आलेल्या मुलीला. त्यांच्यासाठी हे लिहितेय. कायद्याची पदवी नसली तरी यातलं जवळपास सगळं तुम्हाला करता येतं, आणि पहिल्या रात्री ते करायला बहुतेक वेळा तुम्हीच असता.

एक गोष्ट आधी नीट समजून घ्या. पोलीस कोठडीत मार बसतो तो बेहिशेबी तासांत. माणूस दुपारी दोनला उचललेला असतो, कागदावर अटक संध्याकाळी सातची दिसते, आणि मधले पाच तास कुणाच्याच वहीत नसतात. ते तास कुठेतरी लिहून ठेवणं हे तुमचं काम.

आणीबाणीत केरळात पी. राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी १ मार्च १९७६ला कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजातून नेलं. कक्कयमच्या पोलीस छावणीत त्याचा छळ झाला. प्राचार्यांनी वडिलांना पत्र लिहून मुलाला पोलिसांनी नेल्याचं कळवलं. वडील, टी. व्ही. ईच्चर वारियर, वर्षभर दारोदार अर्ज घेऊन फिरले. आणीबाणी उठल्यावर त्यांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, दाखल केली, तेव्हा सरकारकडून शपथेवर सांगण्यात आलं की राजनला पकडलंच नव्हतं. न्यायालयाने ते मानलं नाही. त्याला नेताना पाहिलेली माणसं होती, छावणीत त्याला पाहिलेले सोबती होते. मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पायउतार व्हावं लागलं. राजन मात्र परत आला नाही. म्हणून ही नोंद वर्षाने उपयोगी पडेल अशी ठेवायची, पण तिचा उपयोग त्याच रात्री करायचा.

अटक होण्याआधीच

आंदोलनाला निघताना दोन वकिलांचे नंबर पेनने हातावर लिहा. फोन सगळ्यात आधी काढून घेतात, आणि पाठ असलेला नंबर घाबरल्यावर आठवत नाही. वकालतनाम्यावर, म्हणजे वकिलाला तुमच्या वतीने उभं राहू देणाऱ्या कागदावर, सही करून तो वकिलाकडे ठेवून द्या. तुम्हाला कोणता आजार आहे, कोणती गोळी किती वाजता लागते, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, हे सगळं घरच्या एका माणसाकडे असू द्या. साधी वाटणारी वस्तूसुद्धा त्या यादीत लिहा. भीमा कोरेगाव प्रकरणात अटक झालेल्या फादर स्टॅन स्वामींना पार्किन्सन्समुळे हातात पेला धरता येत नव्हता. तळोजा तुरुंगात पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला होता.

"जरा चौकशीला येऊन जा," हा फोन सगळ्यात धोक्याचा. अटक नसल्यामुळे, चोवीस तासांत कोर्टापुढे हजर करण्याचं घड्याळ सुरू झालं असं कुणी मानत नाही. लेखी नोटीस मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, आरोपी असल्याचा संशय असेल तर कलम ३५(३) आणि साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर कलम १७९ अशी तरतूद आहे. १७९खाली बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, तिच्या राहत्या घरीच विचारपूस करायची. जायचंच ठरलं तर एकट्याने जाऊ नका. दारात पोचल्यावर "१०.०५, आत जातोय" आणि बाहेर पडल्यावर "१.३०, बाहेर आलो" असा मेसेज दोघांना पाठवा. दुसरा मेसेज आला नाही तर दारात थांबलेल्या माणसाने वकिलाला फोन करायचा.

पहिले दोन तास

एक वही घ्या. फोनमध्ये लिहिलंत तरी वहीत उतरवाच, कारण पुढे फोनही जप्त होऊ शकतो. किती वाजता नेलं, कुठून, किती जण होते, गणवेशात की साध्या कपड्यांत, छातीवर नावाची पट्टी होती का, गाडीचा नंबर काय, नेताना कुणी पाहिलं, तेव्हा त्याच्या अंगावर काही जखम होती का. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. नेताना धडधाकट होता हे सिद्ध करता आलं तर नंतरच्या प्रत्येक वळाचं उत्तर पोलिसांना द्यावं लागतं. त्या दिवशीचा मोर्चातला एखादा फोटो, सीसीटीव्हीतलं चालणं, काहीही चालेल.

मग दोघांनी ठाण्यावर जायचं, एक शक्यतो वयाने मोठं माणूस. आवाज चढवायचा नाही. ठाणे अंमलदाराला विचारायचं: अमुक माणूस कुठे आहे, कोणत्या गुन्ह्यात, तपास अधिकारी कोण, स्टेशन डायरीला नोंद झाली का. बीएनएसएसच्याच (पुढची कलमंही त्यातलीच) कलम ३७प्रमाणे प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात अटकेची माहिती ठेवणारा नेमलेला अधिकारी असतो. त्याचं नाव विचारा. जिल्हा नियंत्रण कक्षालाही फोन लावा.

"असा कुणी आमच्याकडे नाही," हे उत्तर मिळालं तर परत फिरू नका. एका तालुक्याच्या ठाण्यात आम्हाला असंच सांगितलं होतं. मुलाची आई डबा घेऊन आली होती. आतल्या एका हवालदाराने तिच्याकडे पाहिलं, काही न बोलता डबा आत नेला आणि परत आणून दिला. आईने झाकण उघडलं. भाकरी संपली होती, आणि मिरचीचं देठ नेहमीसारखं डब्याच्या कडेला लावून ठेवलं होतं. "त्यानंच खाल्लंय," ती म्हणाली. मी वहीत लिहिलं: ८.४० डबा आत, ९.१५ रिकामा परत. कागदावर अटक पहाटे ४.१०ची निघाली. दुसऱ्या दिवशी वकिलांनी वहीतल्या त्याच दोन ओळी कोर्टापुढे ठेवल्या.

ठाण्याच्या दारातूनच पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना ईमेल करा, व्हॉट्सअ‍ॅपही करा. चार ओळी पुरतात: "माझा भाऊ अमुक याला आज दुपारी २ वाजता अमुक ठिकाणाहून पोलिसांनी नेलं. आता रात्रीचे ९ वाजले आहेत. तो कुठे आहे हे सांगितलं जात नाही. त्याच्या जिवाला आणि शरीराला धोका वाटतो. कृपया तो कुठे आहे ते कळवावं आणि त्याची वैद्यकीय तपासणी करावी." त्या मेसेजवर वेळ आपोआप पडते. आपण पाहतोय हे वरच्या अधिकाऱ्याला कळलं की खालचा हात पुष्कळदा थांबतो, हे मी अनेकदा पाहिलंय. सकाळपर्यंत पत्ता लागला नाही तर वकील कलम १००खाली दंडाधिकाऱ्यांकडे शोध वॉरंट मागू शकतात, आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस आहेच.

या वेळी सोशल मीडियावर "मारून टाकलं" असं काही टाकू नका. जेवढं स्वतः पाहिलं तेवढंच लिहा. एक खोटी ओळ तुमच्या वहीतल्या दहा खऱ्या ओळींवरचा विश्वास घालवते.

अटकेचे कागद

अटकेचा कागद, म्हणजे अरेस्ट मेमो, कलम ३६प्रमाणे करावा लागतो. त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. सही तुमच्याकडे मागितली तर आधी वेळ वाचा. वेळ चुकीची असेल तर सहीच्या वर तुमच्या अक्षरात खरी वेळ लिहा, तसं करू देत नसतील तर सही करू नका. कोऱ्या कागदावर कुणीही, कधीही सही करायची नाही.

अटकेची कारणं लेखी मिळाली पाहिजेत. यूएपीएच्या, म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या, गुन्ह्यांत हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४मध्ये पत्रकार प्रबीर पुरकायस्थ यांच्या प्रकरणात सांगितलं. नोव्हेंबर २०२५मध्ये मुंबईतल्या एका प्रकरणात ते सगळ्याच गुन्ह्यांना लावलं: कारणं माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, आणि रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार कामाचा आहे. गडचिरोलीत माडिया बोलणाऱ्या माणसाला मराठी कागद दिला म्हणजे कारणं कळवली असं होत नाही. याची उलटी बाजूही घडलेली आहे. २०१८मध्ये पुणे पोलिसांनी दिल्लीत पत्रकार-कार्यकर्ते गौतम नवलखांना अटक केली तेव्हा कागदपत्रं मराठीत होती. ती समजून न घेताच ट्रान्झिट रिमांड, म्हणजे दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी, दिला गेला, या मुद्द्याला वजन देऊन दिल्ली उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबरला तो रिमांड रद्द केला.

चौकशीच्या काळात आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८मध्ये आहे, पूर्ण वेळ सोबत बसण्याचा नाही. भेट पाच मिनिटांची असली तरी घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे.

मेडिकल

या पायरीवर सगळ्यात जास्त घाई होते. रात्री अकराला सरकारी दवाखान्यात नेतात, डॉक्टर दमलेले असतात, पोलीस टेबलाशी उभे असतात, डॉक्टर मान वर न करता विचारतात, "काही त्रास?" माणूस म्हणतो, "नाही." कागदावर "जखमा नाहीत" असं पडतं, आणि तो कागद पुढची कित्येक वर्षं त्याच्याविरुद्ध बोलतो.

कलम ५३ सांगतं की अटकेनंतर लगेच सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासणी करायची, प्रत्येक जखम आणि खूण लिहायची, ती साधारण किती वेळापूर्वीची तेही लिहायचं, आणि अहवालाची प्रत अटक झालेल्या माणसाला किंवा त्याने नेमलेल्याला द्यायची. बाईची तपासणी महिला डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखालीच. ही प्रत मिळते हे पुष्कळांना माहीतच नसतं. मागा.

साथीला आधीच शिकवून ठेवा की डॉक्टरांसमोर चार गोष्टी म्हणायच्या: पोलिसांना जरा बाहेर थांबायला सांगा, मला इथे, इथे दुखतंय, कशाने मारलं ते लिहा, कपडे काढून पाहा. खूण दिसत नसली तरी दुखणं सांगायचंच. पट्ट्याने तळपायावर मारलं तर वरून फारसं काही दिसत नाही, पण पाय टेकवत नाही. मारणाऱ्यांना हे ठाऊक असतं. कानाखाली मारल्यावर कमी ऐकू येत असेल तर कान आतून पाहायला सांगायचं, पडदा फाटलेला असू शकतो. मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळानिळा होऊन वर येतो, म्हणून पहिल्या दिवशीचं मेडिकल कोरं निघालं तरी पुन्हा तपासणी मागायची. झोपू न देणं, विवस्त्र करणं, बहिणीला आणू म्हणून धमकावणं हाही छळच आहे, तोही सांगायचा.

एक खूण जीवघेणी आहे. खूप मार बसल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर ठेचलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंड बंद पडत असण्याची शक्यता असते. त्या क्षणी कायद्याचं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा: पोलीस, वकील, दंडाधिकारी, ज्याच्यामार्फत जमेल त्याच्यामार्फत.

या कागदाचं आयुष्य किती मोठं असतं ते पाहा. २००६च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब छळ करून घेतल्याच्या तक्रारी तोलताना न्यायालयाने त्या काळचे वैद्यकीय कागद पाहिले, एकोणीस वर्षांनी. त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने नंतर सांगितलं, पण माणसं बाहेर राहिली.

कोर्टातली पाच मिनिटं

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. सुट्टीच्या दिवशी हे दंडाधिकाऱ्यांच्या घरीही होतं, म्हणून वकिलाला रविवारी सकाळीही जागं ठेवा. कोर्टात गर्दी असते, फाइल पुढे सरकते, न्यायाधीश विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" ज्यांच्याविरुद्ध तक्रार करायची ते त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे असतात, आणि संध्याकाळी त्यांच्याबरोबरच परत जायचं असतं. माणूस खाली बघतो आणि "नाही" म्हणतो. मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता त्या प्रश्नाआधीच माझ्या पोटात गोळा येतो.

हा प्रश्न विचारणं ही न्यायाधीशांची मेहेरबानी नाही. शीला बर्से या पत्रकाराने मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांना भेटून, त्यांना पोलीस लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं. १९८३च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितलं की दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला छळाबद्दल विचारायचं आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क आहे हेही सांगायचं. बायकांना वेगळं लॉकअप आणि तिथे महिला पोलीस, हेही त्यात आलं.

म्हणून वकिलाने आधीच म्हणायचं: "पोलिसांना बाजूला व्हायला सांगावं, माझ्या अशिलाला बोलायचं आहे." साथीने एकच वाक्य पाठ करून ठेवायचं: "साहेब, माझी तक्रार आहे, मला मारलं, माझं मेडिकल करा." ते रिमांडच्या आदेशात उतरलं का हे वकिलाने तिथेच वाचून पाहायचं, उतरलं नसेल तर लेखी अर्ज द्यायचा. त्याच अर्जात ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याचा आदेश मागा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॉकअप, व्हरांडे, येण्याजाण्याच्या वाटा, सगळीकडे कॅमेरे लावून फुटेज अठरा महिने, निदान वर्षभर ठेवायला सांगितलं आहे. एनआयए, ईडीच्या चौकशीच्या खोल्याही त्यात येतात. तरी "कॅमेरा बंद होता" हे उत्तर येतं, म्हणून पहिल्या दिवशीच मागायचं.

पीसीआरचे, म्हणजे पोलीस कोठडीचे, दिवस

साध्या गुन्ह्यात पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांची. पण नव्या संहितेत ती सलगच घ्यावी लागत नाही. गुन्ह्याप्रमाणे पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येते. तेव्हा एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, जेलमध्ये गेला, सुटलो, असं धरून वही मिटू नका. यूएपीएमध्ये पोलीस कोठडी तीस दिवसांपर्यंत जाते.

डी. के. बसू प्रकरणात १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. तारखा वहीत आधीच मांडून ठेवा, आणि तपासणी झाली का ते प्रत्येक वेळी विचारा. रोज कुणीतरी ठाण्यावर जायचं. डबा, औषध, धुतलेले कपडे, काहीही निमित्त पुरतं. आतून आलेले कपडे घरी लगेच भिजवू नका. आईचा हात आपोआप बादलीकडे जातो, तिला आधीच सांगून ठेवा. रक्ताचा डाग, फाटलेली शिवण दिसली तर फोटो काढा, कपडा सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा आणि तारीख घाला. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

आतल्याला एवढं माहीत असू द्या: पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही, फक्त तिच्यामुळे एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, याला अपवाद आहे. तिथे अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली चालते, म्हणून मोक्का लागला की जास्त सावध राहा. नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१०मध्ये सेल्वी प्रकरणात ठरलं. संमती दे म्हणून दमदाटी झाली तर तीही कोर्टात सांगायची.

मार बसलाच असेल तर

आधी उपचार, मग तक्रार, पण दोन्ही त्याच दिवशी. तक्रार अधीक्षकांना, दंडाधिकाऱ्यांना आणि राज्य मानवी हक्क आयोगाला एकाच मजकुराची पाठवा, पोच जपा. आयोगाकडे जायला घटनेपासून वर्षाची मुदत असते. कबुली काढण्यासाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२०खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे, गंभीर दुखापत असेल तर दहा. साथी दलित किंवा आदिवासी असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचाही विचार वकिलांशी बोलून करा. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७मध्ये सही केली, पण मान्यता अजून दिलेली नाही आणि वेगळा कायदाही नाही. म्हणून आपल्याला या विखुरलेल्या कलमांवरच उभं राहावं लागतं.

परभणीत डिसेंबर २०२४मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन झालं, धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अंगावरच्या अनेक जखमा नोंदल्या गेल्या. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करायची असते. त्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. आईने पाठपुरावा सोडला नाही. ४ जुलै २०२५ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, आणि राज्य सरकार त्याविरुद्ध गेलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो बदलला नाही. गुन्हा नोंदवायचा एवढ्या आदेशासाठी सहा महिन्यांहून जास्त लागले. अशी वेळ कुणावर आलीच तर शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा, आणि अहवालाची प्रत मिळवा.

घरी आल्यावर

सुटून आलेल्या माणसाभोवती दहा जण बसतात आणि प्रत्येकजण विचारतो, "काय काय केलं रे?" हे थांबवा. एकाच माणसाने, त्याला हवं तेव्हा, सगळं एकदा नीट ऐकून लिहून घ्यायचं, त्याच्या शब्दांत. मध्ये थांबला तर थांबू द्या, तारीख आठवत नसेल तर डोक्यात घालू नका. खाजगी डॉक्टरकडून त्याच दिवशी तपासणी करून घ्या. वळांचे फोटो उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, आणि एक फोटो चेहऱ्यासकट काढा. झोप येत नसेल, दाराच्या कडीच्या आवाजाने दचकत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्याचाही कागद ठेवा.

वही, मेडिकलच्या प्रती, ईमेलची छापील पानं, कपड्यांची पिशवी: कागदांच्या तीन प्रती करा. एक वकिलाकडे, एक घरी, एक गावाबाहेरच्या माणसाकडे. वहीच्या पहिल्या पानावर त्याला नेल्याची वेळ असेल. शेवटच्या पानावर त्याने घरात पाय ठेवला ती वेळ लिहा.